वाचकांचे प्रश्न : राजाची अमेरिकन प्रजा लंडनला जाते तेव्हा

मागच्या अंकात बोस्टनच्या बंदरात १७७३ च्या डिसेंबरात बुडवलेल्या चहाबद्दल थोडं लिहिलं होतं. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता एवढंच सांगायचं होतं खरं तर, पण जाता जाता एक वाक्य टाकलं की या भानगडीनंतर बरेच अमेरिकन उलटे इंग्लंडलाच निघून गेले, आणि पत्रं आली ती सगळी त्या एका वाक्यावर. चहा राहिला बाजूला. तर या वेळी फक्त तेच घेऊ.

प्रश्न : सर, मी एम.ए. हिस्टरी करतेय. प्रोजेक्टसाठी अशा इंग्लंडला गेलेल्या एखाद्या अमेरिकन माणसाची डायरी हवी आहे. प्लीज लिस्ट देऊ नका, एकच माणूस सांगा आणि त्यात बघण्यासारखं काय आहे ते सांगा. (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : एकच सांगायचा तर सॅम्युअल कर्वेन. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावचा व्यापारी, जन्म १७१५ चा, हार्वर्डला शिकलेला, समुद्री व्यापाराच्या कोर्टात जज पण होता. तरुणपणी १७४५ मध्ये फ्रेंचांच्या लुईबर्ग किल्ल्यावर जी मोहीम गेली तिच्यात कॅप्टन म्हणून लढून आलेला, म्हणजे नुसता गादीवर बसणारा शेठ नव्हे. साठीला टेकलेला, बरं चाललेला, गावात मान असलेला माणूस. चुकलं एवढंच की १७७४ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे, म्हणजे राजाच्या बाजूचे, गव्हर्नर हचिन्सन इंग्लंडला निघाले तेव्हा त्यांच्या निरोपाच्या मानपत्रावर याने सही केली, आणि ती सही गावाने लक्षात ठेवली.

१९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टनला राजाची फौज आणि वसाहतीतले बंडखोर यांच्यात गोळीबार झाला, युद्धाला तोंड फुटलं, आणि २३ ला कर्वेनने सेलम सोडलं. चारच दिवस! बायकोला चल म्हणाला तर ती नाही म्हणाली. त्याने डायरीत स्वच्छ लिहून ठेवलंय की चिडलेले सैनिक आणि माथं फिरलेले लोक यांची तिला जेवढी भीती वाटत नव्हती त्यापेक्षा जास्त समुद्राची वाटत होती. ती घरीच राहिली आणि पुढची नऊ-साडेनऊ वर्षं दोघं समुद्राच्या दोन बाजूंना.

आधी तो फिलाडेल्फियाला गेला, तिथे शांत क्वेकर लोक (लढाई न मानणारा एक ख्रिस्ती पंथ) आहेत, आपल्याला कोण विचारतंय म्हणून. पण तिथेही वातावरण तापलेलंच, याला थारा कोण देणार. मात्र तिथली एक नोंद प्रोजेक्टमध्ये नक्की घ्या. एका रात्री जेवायला काही व्हर्जिनियाचे प्रतिनिधी होते, त्यात एक कर्नल वॉशिंग्टन, त्याच्याबद्दल हा लिहितो की रुबाबदार माणूस, वागाबोलायला अगदी मोकळा नि छान. बस्स एवढंच, कारण तेव्हा वॉशिंग्टन म्हणजे कोण, तर व्हर्जिनियाचा एक कर्नल. नंतर कर्वेन जहाजात बसला आणि तो अजून समुद्रावरच असताना इकडे जूनमध्ये वॉशिंग्टन सरसेनापती झाला. डायरी वाचायची मजा ही आहे बघा, लिहिणाऱ्याला पुढचं पान माहीत नसतं आणि आपल्याला असतं.

३ जुलै १७७५ ला तो डोव्हरला उतरला आणि तिथून लंडन. आता यात लक्ष द्यायची गोष्ट अशी की हा माणूस परदेशात आलोय असं समजतच नव्हता. या लोकांच्या मनात इंग्लंड म्हणजे आपलं मूळ घर, राजा आपला, पार्लमेंट आपलं, चर्च आपलं. पण उतरल्यावर तो जाऊन बसला कुठे तर थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या न्यू इंग्लंड कॉफी हाउसमध्ये, म्हणजे आपल्याच गावच्या लोकांत! पुढे लंडनमधल्याच अडेल्फीला या न्यू इंग्लंडवाल्यांची दर आठवड्याला पंगत बसायची, सगळे बोस्टन-सेलमचे. घरची पत्रं कुणाला आली, कुणाची इस्टेट जप्त झाली, युद्ध कधी संपणार, याच गप्पा. लंडन तेव्हा सात लाखांच्या वर आणि बोस्टन जेमतेम पंधरा हजारांचं गाव, त्यामुळे गर्दीत माणूस हरवतो म्हणजे काय ते यांना तिथे समजलं.

पहिलं वर्ष तो टुरिस्टसारखा फिरला, चर्च, राजवाडे, नाटकं, बागा, जे दिसेल ते लिहितोय. मग पैसे आटायला लागले आणि डायरीचा सूर बदलतो. लंडन परवडेना म्हणून स्वस्त गावं शोधत फिरला, एक्सेटर, ब्रिस्टल, बर्मिंगहॅम, मँचेस्टर. मँचेस्टरच्या लोकांचं बोलणं याला समजतच नाही, चेहरे रांगडे, कपडे लंडनच्या फॅशनचे नाहीत, असं चिडून लिहिलंय. अहो, इंग्लंडात इंग्रजी समजत नाही म्हणून कुरकुर करणारा अमेरिकन, १७७७ च्या आसपासचा!

प्रोजेक्टसाठी माझा सल्ला, डिसेंबर १७७६ च्या नोंदी नीट वाचा. त्या महिन्यात दोन गोष्टी एकदमच आहेत. एकीकडे लिहितो की माझी छोटी होडी खडकावर आपटायच्या बेतात आहे, आणि लगेच पुढे, सरळ भाषेत सांगायचं तर पाकीट रिकामं होत आलंय. दुसरीकडे याच दिवसांत त्याचा स्वाभिमान पेटलाय. इंग्रज लोक येता-जाता ‘आमच्या वसाहती, आमचे मळे’ असं अशा तोऱ्यात म्हणतात की जणू आमची माणसं नि मालमत्ता त्यांच्या मालकीचीच, जुन्या सरंजामदारांची कुळं असावीत तशी, आणि हे ऐकून मला झोंबतं, असं तो लिहितो. ज्या राजासाठी घरदार सोडलं त्याच राजाची बाकीची प्रजा याला आपल्यातला समजत नाही, हे त्याला तिथे जाऊन समजलं. सेलममध्ये बसून कधीच समजलं नसतं. पुढे १७७७ मध्ये सरकारकडून वर्षाला १०० पौंड पेन्शन सुरू झाली तेव्हा कुठे खायची चिंता मिटली, म्हणजे तोराही त्यांचाच ऐकायचा आणि पेन्शनही त्यांचीच घ्यायची.

परत आला १७८४ च्या सप्टेंबरात, अमेरिका स्वतंत्र होऊन गेल्यावर. वय एकोणसत्तरच्या घरात, व्यापाराची पार वाट लागलेली. सेलमलाच १८०२ मध्ये गेला.

आवृत्तीचं एक सांगतो. १८४२ मध्ये त्याच्याच नात्यातल्या जॉर्ज अॅटकिन्सन वॉर्ड यांनी ही डायरी छापली, ती स्कॅन करून फुकट मिळते, पण त्यात काटछाट आहे. पूर्ण डायरी अँड्र्यू ऑलिव्हर यांनी १९७२ मध्ये दोन खंडांत काढली. गाइडना दाखवायची असेल तर दुसरी वापरा, पहिली नुसती वाचायला छान आहे.

प्रश्न : म्हणजे हे सगळे देश संकटात असताना पळालेले गद्दारच ना? अशांच्या डायऱ्या वाचून काय मिळणार? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमचा राग पोचला. पण ‘देश’ तेव्हा होता कुठे? ४ जुलै १७७६ च्या आधी कर्वेनचा देश म्हणजे ब्रिटिश साम्राज्यच होतं, उलट त्याच्या नजरेतून गद्दार होते ते वॉशिंग्टन आणि कंपनी. जिंकले म्हणून ते राष्ट्रपिता झाले, हरले असते तर फासावर गेले असते, हे त्यांनाही पक्कं माहीत होतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. याच ‘गद्दार’ कर्वेनने त्याच डिसेंबर १७७६ मध्ये लिहिलंय की माझी मनापासून इच्छा आहे की या तुच्छ मानलेल्या अमेरिकनांनी या गर्विष्ठ बेटवाल्यांना एकदा असा काही सणसणीत, आडवं पाडणारा मुद्दा पटवून द्यावा की आमच्याकडे खडी फौज नसली तरी शूर शिपाई आणि हुशार सेनापती निघू शकतात, कारण तसं झाल्याशिवाय आम्हाला नीट वागणूक मिळणार नाही. हे कोण म्हणतंय, तर राजाच्या बाजूने राहिलेला, लवकरच राजाच्या सरकारची पेन्शन घेणारा माणूस! माझ्या मते त्या काळच्या एवढ्या कागदांत इतकं प्रामाणिक वाक्य क्वचित सापडेल. त्याला बंडखोर जिंकायला नको होते, पण इंग्रजांचं नाक कापलं जायला हवं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच छातीत मावतात, तुम्ही-आम्ही पण असेच असतो.

आणि गेले ते सगळे राजाचेच नव्हते हो. जोसाया क्विन्सी ज्युनियर हा बोस्टनचा तरुण वकील, पक्का दुसऱ्या बाजूचा, १७७४ च्या शेवटी लंडनला जाऊन पंतप्रधान लॉर्ड नॉर्थला भेटला, पार्लमेंट बघितलं, तिथली त्याची डायरी आहे. त्याला क्षय होता. परत येताना तो जहाजावरच गेला, २६ एप्रिल १७७५ ला, मॅसॅच्युसेट्सचा किनारा अगदी जवळ आलेला असताना, आणि लेक्सिंग्टनची लढाई होऊन तेव्हा आठवडा झाला होता, ती त्याला समजलीच नाही. लंडनमधले निरोप तोंडी द्यायचे होते ते त्याच्याबरोबरच गेले. त्याचा सख्खा भाऊ सॅम्युअल मात्र राजनिष्ठ निघाला आणि इंग्लंडला गेला. एकाच घरातले दोघं.

प्रश्न : या लोकांना राजा भेटायचा का? का नुसतेच कॉफी हाउसमध्ये बसून राहायचे? (निवृत्त पोस्टमास्तर, पुणे)

उत्तर : बहुतेक सगळे बसूनच राहिले. एकाला मात्र राजा लगेच भेटला, तो वर ज्यांचं नाव आलं ते गव्हर्नर थॉमस हचिन्सन. बोस्टनमध्ये याचं घर जमावाने २६ ऑगस्ट १७६५ ला एका रात्रीत उघडंबोडकं केलं होतं, भिंतींच्या लाकडी फळ्यासुद्धा उचकटल्या होत्या. १ जून १७७४ ला, चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून, बोस्टनचं बंदर बंद झालं त्याच दिवशी तो निघाला, आणि १ जुलैला वसाहतींचं खातं बघणारे मंत्री लॉर्ड डार्टमथ त्याला प्रवासाच्या थकव्यातच, दरबारी कपड्यांची तयारी नसताना, थेट तिसऱ्या जॉर्जसमोर घेऊन गेले. जवळजवळ दोन तास बोलणं झालं आणि हचिन्सनने ते सवाल-जवाबासारखं उतरवून ठेवलंय.

वसाहती हातातून जायची वेळ आलीय आणि राजा विचारतो काय, तर तुमच्याकडे पिकतं काय, धान्य बाहेरून आणता का? हचिन्सन सांगतो की खेड्यातले लोक राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) आणि मका मिसळून जाडीभरडी भाकरी खातात, आणि सवयीने त्यांना ती गव्हाच्या ब्रेडपेक्षा आवडते. राजा म्हणतो, मक्याची भाकरी चांगली होते? हा म्हणतो, नुसत्या मक्याची नाही महाराज, ती कोरडी पडते, रायमुळे ओल राहते, काही जण तर भाव सारखा असला तरी गव्हाऐवजी रायच घेतील. राजा म्हणतो, हे तर फारच नवल आहे. आपल्याकडे ज्वारी खाणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही, पण लंडनच्या राजाला वाटलं. राजकारणावरही बोलणं झालं, हचिन्सनने चित्र जरा जास्तच आशादायक रंगवलं असं मला वाटतं, राजा त्या दिवशी खूश झाला.

हचिन्सनला इंग्लंडात मान मिळाला पण सल्ला कुणी ऐकला नाही. मिल्टनमधलं आपलं टेकडीवरचं घर आठवून तो झुरत राहिला, इथल्या सरदाराच्या वाड्यापेक्षा न्यू इंग्लंडमधल्या छोट्या शेतघरात मरण यावं असं लिहून गेला. ऑक्सफर्डने त्याला मानाची पदवी दिली त्याची तारीख बघा, ४ जुलै १७७६! १७७७ मध्ये लाडकी मुलगी पेगी क्षयाने गेली, आणि तो स्वतः ३ जून १७८० ला गेला तेव्हा लंडनमध्ये कॅथलिकांच्या विरोधातल्या गॉर्डन दंगली पेटत होत्या. बोस्टनच्या दंगलीतून निघालेला माणूस लंडनच्या दंगलीत संपला. पुरलं क्रॉयडनला.

प्रश्न : सर, हे सगळे गोरे बाबू लोक झाले. मूळ अमेरिकन, म्हणजे ज्यांना इंडियन म्हणायचे, त्यांच्यापैकी कुणी तेव्हा इंग्लंडला जाऊन स्वतः लिहिलं का? त्यांच्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं नको. (एक शिक्षिका, लातूर)

उत्तर : मॅडम, तुमचा प्रश्न सगळ्यात भारी. लिहिलंय. सॅमसन ऑकम, मोहेगन जमातीचा, कनेटिकटचा, जन्म १७२३. सोळा-सतराव्या वर्षी ख्रिस्ती झाला, एलियाझर व्हीलॉक नावाच्या पाद्र्याकडे शिकला, इंग्रजी तर यायचंच, लॅटिन-ग्रीकचाही अभ्यास केला, पुढे स्वतः पाद्री झाला. व्हीलॉकला इंडियन मुलांच्या शाळेसाठी फंड हवा होता आणि त्याच्या लक्षात आलं की गोरा पाद्री पाठवून जेवढे पैसे मिळतील त्यापेक्षा शिकलेला इंडियन समोर उभा केला तर कितीतरी जास्त मिळतील.

तर २३ डिसेंबर १७६५ ला ऑकम आणि नॅथॅनियल व्हिटेकर असे दोघं बोस्टनहून निघाले, ऐन हिवाळ्यातला समुद्र, आणि ३ फेब्रुवारी १७६६ ला इंग्लंडच्या किनाऱ्याला लागले. याच्या डायरीच्या नोंदी आखूड आहेत, पण जिथे तो थांबून बघतो तिथे थांबून वाचावं. लंडनमधल्या एका रविवारी संध्याकाळी तो लॉर्ड डार्टमथकडे पत्र द्यायला चालत निघाला (हो, हचिन्सनला राजाकडे नेणारे तेच डार्टमथ) आणि रस्त्यात जे दिसलं ते स्वप्नातही पाहिलं नव्हतं असं लिहितो. चर्चमध्ये भजन नि प्रवचन चाललंय, बाहेर लोक एकमेकांना शिव्याशाप देतायत, कुणी ओरडतोय, कुणी शिट्ट्या मारतोय, खिदळतायत, घोडागाड्या आडव्यातिडव्या पळतायत आणि गरीब लोक गुडघे टेकून भीक मागतायत. इंडियनांना सुधारायला निघालेल्या देशाच्या राजधानीचं हे वर्णन एका इंडियनाने केलेलं! तो टोमणा मारत नाही, नुसतं लिहितो, म्हणून जास्त लागतं.

देवीची साथ असायची म्हणून मार्चमध्ये त्याला टोचून घ्यावं लागलं. मग दोन-सव्वादोन वर्षं गावोगाव फिरून तीनशेच्या वर प्रवचनं केली. लोक ऐकायला येत तसे बघायलाही येत, नाटकवाले स्टेजवर त्याची नक्कल करायला लागले. त्यावर तो लिहितो की मला हा मान मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. बोस्टनच्या काही लोकांनी इकडे अशीही बातमी पसरवली की हा खरा मोहेगनच नाही आणि फंडासाठी नुकताच ख्रिस्ती केलेला आहे. एवढं सगळं होऊन जमले १२,००० पौंडांच्या आसपास, त्यात राजाचे २००. वसाहतीतल्या कुठल्याही शाळेसाठी एवढा फंड तोवर इंग्लंडात उभा राहिला नव्हता.

१७६८ मध्ये परत येऊन बघतो तर ज्या कुटुंबाकडे लक्ष देऊ असं व्हीलॉकने कबूल केलं होतं ते हालात. आणि शाळा? व्हीलॉकने ती न्यू हॅम्पशायरला नेली, १७६९ मध्ये चार्टर मिळालं, तिचं झालं डार्टमथ कॉलेज, त्याच लॉर्डच्या नावाने, आणि वर्गात दिसायला लागली मुख्यतः गोरी मुलं. ऑकमने १७७१ मध्ये व्हीलॉकला पत्र लिहून लॅटिनमध्ये कोटी केली की तुमची ही ‘अल्मा मॅटर’ (विद्या देणारी माता) आता ‘अल्बा मॅटर’, म्हणजे जरा जास्तच गोरी माता झालीय. ज्याच्याकडून लॅटिन शिकला त्यालाच लॅटिनमध्ये हाणलं. ज्यांच्या नावावर पैसे मागितले त्यांनाच त्याचा उपयोग नाही, हे त्याने तोंडावर सांगितलं आणि पुढे व्हीलॉकचा नाद सोडून आपल्या नि शेजारच्या जमातींच्या लोकांसाठी न्यूयॉर्कमध्ये ब्रदरटाऊन वसवायच्या कामाला लागला. १७९२ मध्ये गेला.

त्याचे कागद, डायरीसकट, वर्षानुवर्षं डार्टमथ कॉलेजकडेच होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये कॉलेजने ते मोहेगन जमातीला परत केले. तुमच्या मुलांना शिकवायचं असेल तर कर्वेनपेक्षा ऑकमपासून सुरुवात करा असंच मी म्हणेन.

प्रश्न : काका, आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे माउंट हॉलीला जॉन वुलमन नावाच्या माणसाचं मेमोरियल आहे, मुलांना घेऊन गेलो होतो. तोही इंग्लंडला गेला होता आणि तिथेच वारला असं समजलं. तो पण राजाच्या बाजूचा का?

उत्तर : नाही, तो कुठल्याच बाजूचा नव्हता, क्वेकर होता. धंद्याने शिंपी, आणि आयुष्य घालवलं ते आपल्याच क्वेकर लोकांना घरातले गुलाम सोडा म्हणून समजावण्यात. मे १७७२ मध्ये निघाला तर जहाजात चांगली केबिन घेतली नाही, केबिनबाहेर उगाच कोरीवकाम केलंय, तसल्या दिखाव्याला पैसे देणार नाही म्हणाला आणि खाली खलाशांबरोबर कोंदट जागेत पाच-सहा आठवडे राहिला. कपडे बिनरंगाचे, कारण रंग मळ झाकतो. ८ जूनला लंडनला पोचला तो तसाच क्वेकरांच्या सभेत जाऊन बसला आणि तिथल्या सुखवस्तू मंडळींना हा प्राणी कोण असं झालं. तुमचं काम झालं असेल तर परत जा असं कुणीतरी सुचवलं, अशी आठवण क्वेकरांमध्ये सांगतात.

मग तो चालत निघाला, उत्तरेकडे. चालत का, तर घोडागाड्या चोवीस तासांत शंभर मैलांवर पळवतात, त्यात घोडे मरतात, आंधळे होतात, आणि टपाल नेणारी पोरं हिवाळ्याच्या रात्री घोड्यावर गोठून मेल्याचं त्याने ठिकठिकाणी ऐकलं. म्हणून गाडीत बसायचं नाही आणि टपालाने पत्रही टाकायचं नाही. (पुण्याच्या पोस्टमास्तरांनी हे वाचावं.)

त्याच्या डायरीतलं माझं आवडतं पान म्हणजे भावाची यादी. रायचा भाव बुशेलला ५ शिलिंग, गहू ८ शिलिंग, मटण पौंडाला ३ ते ५ पेनी, गरिबाच्या घराचं भाडं वर्षाला २५ ते ४० शिलिंग. आणि लंडनच्या बाजूच्या भागात मजुराची रोजची मजुरी १० पेनी, मालकाकडून फक्त पातळ बिअर, जेवण ज्याचं त्याने बघायचं. सुगीत शिलिंगभर आणि वर जेवण. सूत कातणाऱ्या बायकांना ४ पेनीपासून १० पेनीपर्यंत. आता हिशोब करा, १२ पेनीचा शिलिंग, म्हणजे एक बुशेल राय, साधारण २५ किलो, घ्यायला सहा दिवसांची मजुरी. गहू हवा तर दहा दिवसांची. पुष्कळ गरीब लोक मुख्यतः पाव आणि पाण्यावर जगतात असं तो पुढे लिहितो. हचिन्सन राजाला मक्याची भाकरी समजावत होता तेव्हा राजाच्या स्वतःच्या दाराबाहेर ही परिस्थिती होती, ती वुलमनने बघितली कारण तो चालत होता. गाडीत बसून कर्वेनलाही एवढी दिसली नाही.

यॉर्कला पोचल्यावर देवी आल्या आणि ७ ऑक्टोबर १७७२ ला गेला. डायरी १७७४ मध्ये छापली गेली. मुलांना ते भावांचं पान जरूर वाचून दाखवा, गणिताला पण उपयोगी आहे.

प्रश्न : सगळे फारच सज्जन दिसतात. कुणी मजा केली की नाही लंडनमध्ये? (नाव न छापण्याच्या अटीवर)

उत्तर : केली ना. व्हर्जिनियाचा बडा जमीनदार विल्यम बर्ड दुसरा. १७१७ ते १७२१ ची त्याची लंडनची डायरी आहे, शॉर्टहँडमध्ये, म्हणजे कुणी वाचू नये म्हणून, आणि विसाव्या शतकात लोकांनी ती उलगडून छापली! बायको १७१६ मध्ये लंडनलाच देवीने वारलेली, हा दुसरी पैसेवाली बघतोय. रोजची नोंद ठरलेली, सकाळी उठलो, हिब्रू वाचलं, ग्रीक वाचलं, प्रार्थना केली, उकळलेलं दूध घेतलं, व्यायाम म्हणून नाचलो. संध्याकाळी कॉफी हाउस, नाटक, आणि त्यानंतरचं मी या मासिकात छापू शकत नाही. कधी कधी शेवटी देवाकडे माफी, दुसऱ्या दिवशी परत हिब्रू. अट पाळली आहे, नाव छापलेलं नाही.

प्रश्न : या काळात आपल्याकडचं कुणी इंग्लंडला गेलं होतं का हो? त्यांची या अमेरिकनांशी गाठ पडली का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : गेले होते, आणि कारणही तसंच. १७७५ च्या मार्चमध्ये राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध लागलं, म्हणजे लेक्सिंग्टनच्या गोळीबाराच्या महिना-दीड महिना आधी. एकाच वर्षात इंग्रज दोन खंडांत दोन भांडणांत अडकले. पुढे आपली बाजू मांडायला राघोबांनी हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील लंडनला पाठवला, बरोबर मणियार नावाचा पारशी आणि त्याचा मुलगा. १७८१ मध्ये ते तिथे होते. सोवळ्याओवळ्याने त्यांचे फार हाल झाले, राहायची-स्वैपाकाची नीट सोय कुणी करेना, तेव्हा एडमंड बर्कने त्यांना बीकन्सफिल्डला आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचघर त्यांना मोकळं करून दिलं, तिथे हणमंतराव आपल्या हाताने रांधून जेवायचे. त्याबद्दल बर्कने राघोबांना पत्रही लिहिलं. हा तोच बर्क, जो पार्लमेंटमध्ये अमेरिकनांची बाजू घेऊन बोलायचा आणि पुढे वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालवायला उभा राहिला.

परत आल्यावर समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त म्हणून त्यांना सोन्याच्या योनीतून बाहेर काढून पुनर्जन्म दिला असं कंपनीच्या फौजेतल्या विल्फर्ड नावाच्या अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय. कर्वेन त्या साली इंग्लंडातच होता, पेन्शनवर. त्याला परत जायची भीती शेजाऱ्यांची होती, हणमंतरावांना भटजींची.